गवत असलेली गुहा

लेकीच्या माळेतला निळा मणी नाहीसा झाला आणि आईचा जीव टांगणीला लागला.

"मणी कुठे गेला गं, चिमणे?"

"गुहेत झोपलाय."

"कुठल्या गुहेत?"

तीन वर्षांच्या चिमणीने विचारात पडून नाक खाजवलं. आईला तेवढं पुरे झालं. मनातल्या मनात तिने मणी नाकातून घशात, घशातून फुप्फुसात पोचवलासुद्धा.

"बाबा, चला, डॉक्टरकडे जायचंय!"

"काय?" सासऱ्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल की. हल्ली सगळे पुटपुटतातच." त्यांचा डावा कान त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेला, उजवाही दोन दिवसांपासून रजेवर होता. घरी एकटं ठेवावं तर दाराची घंटा ऐकू येईना, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी बुटाच्या नाडीहून बारीक नळी काढली. टोकाला मोहरीएवढा कॅमेरा आणि इवलासा दिवा. चिमणी आजोबांच्या मांडीवर शहाण्यासारखी बसली. पडद्यावर गुलाबी दरी उलगडली. दवात भिजल्यासारख्या भिंती, मऊ वळणं, आणि कुणी कंदील घेऊन हळूहळू चालावं तसा पुढे सरकणारा उजेड. हे सगळं आपण जन्माला घातलं? आई घाबरायचंच विसरली.

"काही नाही. नाक स्वच्छ आहे."

"म्हणजे फुप्फुसात गेला!"

"अहो, श्वास घ्या. तिचा छान चाललाय, तुमचाच अडकलाय."

चिमणी मात्र पडद्याकडे बघून हिरमुसली. "ही नाही. त्या गुहेत गवत आहे."

तिघींच्या नजरा सावकाश वर सरकत आजोबांच्या उजव्या कानावर थांबल्या. तिथून पांढऱ्या केसांचा झुपका डोकावत होता.

"काय?" आजोबा म्हणाले.

नळी कानात शिरली. पडद्यावर बर्फाळ रान, आणि रानाच्या टोकाला निळा चंद्र.

चंद्र चिमट्याने बाहेर आला. आजोबा दचकले. "हे घड्याळ एवढं का ओरडतंय?"

रस्त्यावर हॉर्न, स्कूटर, कुणाचं तरी भांडण. आईच्या पायाला आता पंख फुटले होते. आजोबा मात्र दर चार पावलांना थबकत होते.

"सूनबाई, मणी कुठे ठेवलास?"

"पर्समध्ये. घरी गेल्यावर माळेत ओवते."

"घाई काय आहे?" त्यांनी आवाज खाली आणला. "दोन दिवस कानात समुद्र होता गं. दुपारच्या झोपेपुरता दे."

आईने पर्स छातीशी धरली. आता लक्ष दोघांवर ठेवावं लागणार होतं.