आधी बेल्ट

आमच्या कळव्याच्या इमारतीतले दत्तारामभाऊ रिक्षात बसले, की त्यांचा हात सवयीने खांद्यामागे जातो आणि तेथे नसलेला पट्टा शोधू लागतो. तो अर्थातच सापडत नाही. मग ते रिक्षावाल्याला "शवय शवय" असे बजावतात. ही अरबी भाषा; अर्थ 'सावकाश'. रिक्षावाल्याला अरबी येत नसल्यामुळे तो वेग वाढवतो.

भाऊंनी उमेदीची सारी वर्षे मस्कतमध्ये एका कुटुंबाची गाडी चालवली. तेथून ते पाठदुखी, एक मोठा थर्मास आणि 'आधी बेल्ट' हे वाक्य घेऊन परतले. ताट वाढले तरी ते "आधी बेल्ट" म्हणतात आणि मगच पहिला घास घेतात. सून म्हणते, "आमच्याकडे देवाच्या आधी बेल्ट येतो."

येथे वाचकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. तिकडची तरुण मंडळी आता स्वतःच गोष्ट रचतात, स्वतःच त्यात कामे करतात आणि फोनवर चित्रित करून फोनवरच दाखवतात. उभ्या चौकटीत मावेल आणि मिनिटभरात संपेल, एवढीच गोष्ट. भाऊ त्या कुटुंबातल्या ज्या मुलाला बेल्ट लावून शाळेत नेत-आणत, तो हमद आता अशीच एक मालिका करतो. थांबलेल्या गाडीत ड्रायव्हर हमदच होतो, मागच्या सीटवरचा मुलगाही हमदच. ड्रायव्हर हिंदुस्थानी आहे, मोडके अरबी बोलतो, आणि लोक त्याला हसतात.

प्रत्येक भागाखाली भाऊ फोनला तोंडी सांगून अरबीत लिहवून घेतात: मी दत्ता, ओळखलंस का? उत्तर अजून आलेले नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो असता नवा भाग आला. ड्रायव्हरला फोन येतो. तो गाडी कडेला घेतो आणि स्टिअरिंगवर डोके आपटत "आये, आये" असा हंबरडा फोडतो. मागचा मुलगा त्याला घड्याळ दाखवतो. ड्रायव्हर नाक पुसून गाडी सुरू करतो. भाऊंचा मुलगा सचिन पोट धरून हसला.

"पप्पा, खतरनाक कॉमेडी करतो हा," असे म्हणून तो जेवायला आत गेला.

भाऊंनी आवाज बंद केला.

"आई गेल्याचा फोन गाडीतच आलेला, मास्तर. पोराची परीक्षा होती. वेळेवर पोचवला."

राग आला नाही का, असे मी विचारले.

"मी असा रडलो, हे घरात कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी मागे तो एकटाच होता." "आये मात्र बरोबर म्हटलंय हां त्यानं."

त्यांनी तो भाग पुन्हा लावला, चष्मा वर करून मागच्या सीटवरचा मुलगा निरखला आणि फोन तोंडाजवळ धरला. या वेळी त्यांनी ओळख विचारली नाही. एकच वाक्य सांगितले. त्याचा अर्थ मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "लिहिलं, त्या दिवशीही तुझा बेल्ट मी लावला होता."