मातोश्रींच्या स्टुलाची हकीकत

सेवेसी दप्तरदाराची अर्जी ऐसी जे, सूनबाईसाहेबांची आज्ञा जाहली की राजवाड्यावरील स्वारीचे वर्तमान अथपासून इतिपर्यंत लिहून ठेवावे, कारण आमचे यजमान आपल्या बोलण्यास नाकबूल जाण्यात बहुत वाकबगार आहेत, उद्या म्हणतील मी असे म्हटलेच नव्हते. आज्ञा शिरसावंद्य मानोन सेवकाने कलम उचलले आणि पाहिले तैसे लिहिले.

कलहाचे मूळ येणेप्रमाणे. घरच्या स्वयंपाकघरात एक स्टूल असावे, मटार सोलताना वा दुधावर नजर ठेविताना दोन घटका टेकता यावे, म्हणोन मातोश्रीसाहेब व सूनबाईसाहेब या उभयतांनी वारंवार अर्ज गुदरले. आणि चिरंजीव, म्हणजे सूनबाईसाहेबांचे यजमान, हे घरचे मुखत्यार, त्यांनी दरखेपेस अर्ज फेटाळिला, सबब स्टूल मध्ये येते, पाय अडखळतो. वास्तविक चिरंजीवांचा पाय त्या मुलखात थंड पाण्याच्या बाटलीपुरताच पडतो. मग एके दिवशी वाद हातघाईस आला, आणि चिरंजीव इतिहासाचे मोठे अभिमानी, त्यांचे तोंडून निघोन गेले, "अगं आई, राजवाड्यात तरी स्वयंपाकघरात कोण बसत होतं? दाखव मला बसायची जागा, उद्या स्टूल आणतो!" मातोश्रींनी हा शब्द पदरात बांधून घेतला आणि रविवारी कूच करण्याचा हुकूम सोडिला.

हा राजवाडा पूर्वी आगीत भस्म जाहला होता, तो सरकारने जुन्या नकाशांबरहुकूम पुन्हा उभा करोन त्यात संग्रहालय मांडिले. मजल दरमजल करीत, दोन वेळां रस्ता चुकोन आणि दोन्ही वेळां नकाशा दाखविणाऱ्या मोबाइलावर खापर फोडोन फौज दरवाजाशी पोहोचली. तेथे झडती होऊन मातोश्रींच्या पिशवीतील पाण्याची बाटली, छत्री आणि गुडघ्याचे मलम ऐसा सारा दारूगोळा जप्त जाहला. आंत जमिनीवर बाण काढिले होते, बाणामागोमाग जावे, उलटे फिरू नये ऐसा दस्तूर. आणि मुदपाकखाना, म्हणजे राजवाड्याचे स्वयंपाकघर, तो सर्व बाणांच्या अगदी शेवटास होता.

येथे चिरंजीवांचे एक व्यसन नमूद करणे प्राप्त आहे. पाटी दिसली की ती खड्या आवाजात वाचल्यावाचून त्यांस पुढे पाऊल टाकवत नाही, मग पाटी तोफेची असो वा आग विझविण्याच्या नळकांड्याची. वाचून होताच ते मान डोलावीत आणि म्हणत की आपले पूर्वज कसे थोर, एकेक गोष्ट विचारपूर्वक केलेली! ऐसे प्रत्येक खांबाशी जाहले.

दरबाराच्या दालनात फौजेवर संकट गुदरले. मातोश्रींचे डावे गुडघेराव, जुने नोकर, अकस्मात बंड करोन उठले आणि त्यांचे पाहून उजवेही फितूर जाहले. दालनात गाद्या, तक्के, चौरंग, सिंहासन ऐसी बैठकीची बहुत समृद्धी, परंतु चहूंकडे दोर ताणिलेले आणि दोरावर पाट्या. चिरंजीवांनी त्या सर्व वाचून दाखविल्या. सर्वांवर एकच मजकूर, बसू नये.

तेव्हां चिरंजीवांनी मोठा कळवळा आणोन फर्माविले की मातोश्रींस तसदी होते, सबब स्वारी येथूनच माघारी फिरवावी, स्वयंपाकघर पुढल्या वर्षी पाहू. या कळवळ्यात कळवळा किती आणि स्टुलाचे भय किती, हे सूनबाईसाहेबांनी एका नजरेत ताडिले, आणि सेवकाचेही तेच मत आहे.

इतक्यात दालनाचा पहारेकरी, कोणी तक्क्यास बोट लाविले म्हणोन त्यास दटावावयास उठला आणि त्याची प्लास्टिकची खुर्ची क्षणभर उघडी पडली. मातोश्रींनी ती संधी साधोन ठाणे काबीज केले. पहारेकरी परतोन पाहतो तो आसन गेलेले. तो काकुळतीने म्हणाला, "आजी, ही ड्यूटीवाल्याची खुर्ची आहे हो, साहेब ओरडतील." त्यावर मातोश्रींनी उत्तर दिले, "मग ड्यूटी करते की. तू जरा पाय मोकळे कर." आणि तत्क्षणी सिंहासनाकडे हात नेणाऱ्या एका गृहस्थावर ऐसी गर्जना केली की गृहस्थांनी तो हात खिशात घातला तो बाहेर काढिलाच नाही. दालनातील समस्त रयत दोरापासून हातभर मागे सरली. ऐसा बंदोबस्त त्या दालनाने राजवाडा उभा राहिल्यापासून पाहिला नव्हता.

पहारेकरी बहुत खूष जाहला. मग मातोश्रींचे गुडघेराव पुन्हा रुजू जाहले, तेव्हां त्याने वायरलेसवर पुढल्या ठाण्यांस खलिता पाठविला, "एक आजी येतायत. खुर्ची मोकळी ठेवा. काही बोलू नका." आणि मग शस्त्रांचे दालन, वस्त्रांचे दालन, राणीचा महाल ऐसी ठाणी एकामागून एक बिनशर्त शरण आली. प्रत्येक ठाणी मातोश्री टेकत, रयतेस धाक घालीत आणि पुढे कूच करीत. चिरंजीव मागोमाग पाट्या वाचीत चालले, परंतु आवाज उतरत चालला होता.

अखेरीस मुदपाकखाना आला. तेथील पहारेकरीणबाई स्वतःच भिंतीस टेकून उभ्या, खुर्ची म्हणोन नाही. मातोश्रींचे अवसान गळाले. चुली पाहिल्या, हंडे पाहिले, पळ्यांची रांग पाहिली, बसावयास कोठे काही दिसेना. चिरंजीवांची मुद्रा प्रफुल्लित जाहली. मातोश्रींनी पदराने तोंड पुसले.

आणि तेव्हांच थोरल्या चुलीशेजारी, हंड्याआड, चिरंजीवांस एक पाटी दिसली. व्यसन ते व्यसन. विचार करावयाच्या आधी मुख चालू जाहले आणि दालनभर खडा आवाज घुमला, "स्वयंपाकिणीची बैठक. चुलीजवळ काम करणारीला टेकता यावे म्हणून बांधलेली. जुन्या नकाशाप्रमाणे जशीच्या तशी..."

सूनबाईसाहेबांनी हंड्यापलीकडे डोकाविले, तो खरोखरच हातभर रुंद दगडी बैठक.

चिरंजीवांनी सुटकेचा प्रयत्न केला, की हे बांधकाम नवे, याचा भरवसा काय. त्यावर सूनबाईसाहेबांनी एवढेच विचारिले, "पूर्वजांनी एकेक गोष्ट कशी केलेली असते म्हणालात?" चिरंजीव दुसऱ्या भिंतीवरची पाटी शोधू लागले. मातोश्री बैठकीवर बसल्या नाहीत, तेथेही दोर होता. दोराअलीकडून बैठकीकडे पाहत त्या सुनेस म्हणाल्या, "त्या बायकांनीसुद्धा मागितली असेल गं. आणि कुणीतरी ऐकलं त्यांचं."

दुसरे दिवशी स्टूल आले. लाकडी, चौपायी, चिरंजीवांनी स्वहस्ते उचलोन आणिले आणि ओट्याशेजारी त्याची स्थापना जाहली. पहिला मान मातोश्रींचा होता, परंतु त्यांनी सुनेचा हात धरोन तीस बसविले, आणि आपण दारातील आरामखुर्चीतून पाहत राहिल्या. त्या दिवशीचा चहा चिरंजीवांनी केला. दूध उतू जाऊ नये म्हणोन पातेल्यापाशी ते बराच वेळ तिष्ठत राहिले, आणि पाय दुखतात ऐशी तक्रार त्यांनी केली. ती तक्रार ऐकून घेऊन, स्टूल रिकामे नाही या सबबीवर, फेटाळण्यात आली. मोहीम फत्ते जाहली, दप्तरी नोंद केली असे.