ग्लूम, डूम आणि भानुदास आबा

आमच्या युसूफ वडगावात शेरडं हाकायची सगळ्यांची तऱ्हा एकच. जिभेनं टकटक करायचं, हुर्र म्हणायचं आणि फारच झालं तर एखादी शिवी हासडायची. भानुदास आबांची शेरडं मात्र इंग्रजीत चरायला जातात.

"कम, यू रेचेड क्रीचर!" म्हणजे 'ये गं करंटे', असं आबा ओरडले की कुणाच्या तरी ज्वारीत शिरलेली काळी शेळी मुकाट्यानं कळपात परतते. सदा मान खाली घालून मागं रेंगाळणारी एक आहे, तिचं नाव मेलंकली. बोकडाचं नाव टायरंट, म्हणजे जुलमी, आणि तो आहेही तसाच.

माझं शिलाईचं दुकान आबांच्या घराला लागून, त्यामुळं हे इंग्रजी रोज माझ्या कानावर पडतं. आबा चौथी शिकलेले. एबीसीडी धड ओळखत नाहीत. चमच्याला इंग्रजीत काय म्हणतात विचारलं तर टोपी काढून डोकं खाजवतात. पण तळघर, कवटी, वटवाघूळ, किंकाळी यातलं काहीही विचारा, शब्द तयार. कारण आबांनी आपलं सगळं इंग्रजी एकाच पुस्तकातून उचललंय. एक जुनी, जाडजूड विलायती कादंबरी. तीत डोंगरावर एक किल्ला, किल्ल्यात एक कुलूपबंद खोली आणि बाहेर कायम घोंघावणारा वारा.

एवढ्या भांडवलावर आबा सगळा संसार चालवतात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? आबा म्हणाले, "बाकी बॉडीत हॉरर न्हाई, पर गुडघ्यात डूम हाय." डूम म्हणजे सर्वनाश. मांजरसुंब्याला आम्ही एसटीची वाट बघत ताटकळलो, तेव्हा म्हणाले, "ही गाडी घोस्टली हाय बे. येती म्हणत्यात सगळे, बघितली कुनीच न्हाई." लाईट गेली की गल्लीतली माणसं आता सर्रास म्हणतात, ग्लूम आला. लाईट परत आल्यावर काय म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. आबा म्हणाले, "त्या पुस्तकात उजेडच न्हाई रं. नुसती कँडल हाय."

हे पुस्तक त्यांच्या घरात आणलं रेखानं. रेखा त्यांची एकुलती एक लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली, आबांनीच तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले. बारावी झाल्यावर तिनं केजच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी विषय घेतला आणि ही कादंबरी अभ्यासाला लागली. एका दुपारी मी आबांचा सदरा द्यायला गेलतो, तर पुस्तक अंगणात पडलेलं आणि रेखा उंबऱ्यात रडत बसलेली.

"मला न्हाई जमत आबा. दर ओळीला अडते. वर्गात सगळ्यांना कळतंय, मलाच कळत न्हाई. मी कॉलेज सोडते."

आबांनी पुस्तक उचललं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. म्हणाले, "मला शिकीव."

"तुमाला?"

"मला आलं तर तुला येतंयच. मला न्हाई आलं, तर दोघं मिळून शेरडं राखू."

तिला रडता रडता हसू आलं. त्या दिवसापासून ती डिक्शनरीत बघून अर्थ सांगायची आणि आबा शब्द घोकत रानात जायचे. संध्याकाळी तेच तिची परीक्षा घ्यायचे. आपण बापाला शिकवतोय असं तिला वाटत होतं. शिकवायचं म्हणजे आधी स्वतःला यायला पाहिजे, हे आबांनी बरोबर ओळखलं होतं.

ती शेवटच्या वर्षाला असताना सिरसाळ्याचं स्थळ आलं. मोठी जमीन, राजकारणात वजन, नवाकोरा तीन मजली बंगला. घर बघायला आबांनी मला सोबत नेलं. चहा झाला, आबा उठले आणि बंगल्यातली एकेक खोली बघत सुटले. दुसऱ्या मजल्यावर एका दाराला कुलूप होतं.

"ही खोली कावून बंद हाय?"

मुलाचे वडील म्हणाले, "खताच्या गोण्या हायेत."

"उघडा."

कादंबरीत नव्या नवरीला कुठं कोंडतात, ते मला ऐकून पाठ होतं. किल्ली शोधायला घरातल्या बायका धावल्या. दार उघडलं. खताच्याच गोण्या होत्या. आबांनी त्यांच्यामागंही वाकून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली.

खाली आल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "बाकी सगळं ठीक हाय. फक्त पोरीचं शिक्षण आता बास. आमच्या घरातल्या बायका भाईर नोकरीला जात न्हाईत."

आबांनी टोपी नीट केली. "मंजी खोली हायच की," ते म्हणाले. "कुलूप तेवढं दिसत न्हाई." मग दोन्ही हात जोडून, अगदी अदबीनं, "डूम," असं म्हणून ते बाहेर पडले. बैठकीतल्या लोकांना तो रामरामच वाटला असावा, त्यांनीही हात जोडले.

रेखा बी.ए. झाली. पुढं एम.ए. झाली आणि लातूरला कॉलेजात शिकवायला लागली. आमच्या गल्लीतून अशी नोकरी लागलेली ती पहिलीच. पोरांनी वर्गणी काढून स्टँडवर फ्लेक्स लावला. त्यावर काय लिहायचं ते आबांना विचारलं, तर आबांनी छाती काढून सांगितलं, "टेरिबल ग्लोरी." तेच छापलं. रेखाच्या फोटोखाली ही एवढाली अक्षरं! गावात अर्थ कुणी विचारला नाही. आबा त्या फ्लेक्सखाली ज्या ऐटीत उभे राहायचे, त्यावरून सगळ्यांना कळत होतं.

परवा दिवस कलला तेव्हा आबांच्या अंगणात बसलो होतो. शेरडं बांधून झाली होती. आबांनी मावळतीकडं बोट केलं. "ह्याला काय म्हनत्यात, सांग."

"संध्याकाळ."

"ट्वायलाइट. ऊन गेलं, पर अंधार पडला न्हाई. ती मधली येळ."

एवढ्यात फोन वाजला. रेखा होती. आबांनी स्पीकर लावला आणि अगदी भाबड्या आवाजात म्हणाले, "बाई, आज एका शब्दाला अडलोय बघ. ट्वायलाइट मंजी काय गं?"

मी चमकून बघितलं. आबांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

पलीकडून रेखा सांगू लागली. ऊन गेलेलं असतं आबा, पण अंधार पडलेला नसतो. आता माझ्या खिडकीतून दिसतंय ना, तसं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढतंय. आज वर्गात एक मुलगी फार छान बोलली. बोलता बोलता ती शब्दावरून कॉलेजात गेली, कॉलेजातून भाजीत काय घातलं त्यावर आली. आबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच, "आसं व्हय? बरं झालं सांगितलंस," म्हणत होते.

"ठेवू का आबा? कुकर लावायचाय."

"थांब गं," आबा घाईनं म्हणाले. "आजून एक शब्द हाय."