अळणी पंधरवडा

डेअरीच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि सांगितलं, "पंधरा दिवस मीठ कमी करा. आकडा उतरला तर गाडी चालवा, नाहीतर घरी बसा." चौदा वर्षं मी गावोगावचं दूध गोळा करणारी गाडी चालवतोय. ती गेली तर बाहेर माझी किंमत शून्य. (घरात किती आहे, ते विचारू नका.)

बायकोने त्याच दिवशी मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि स्वतःही अळणी जेवायला लागली. मी मात्र हा त्याग गुपचूप करणाऱ्यातला नव्हे. रोज दूध घेताना दारोदारी थांबून मी मिठाचे दुष्परिणाम समजावून सांगू लागलो.

लोक फार मायाळू. मी अळणी खातोय हे ऐकून पहिल्याच घरातल्या आजींचे डोळे भरून आले. हातावर मूठभर खारे दाणे ठेवत म्हणाल्या, "एवढ्याने काय होतंय?" पुढच्या घरी तळलेले बटाटे, त्याच्या पुढे सुकी मासळी. दारात दिलेलं नाकारायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मी पडलो रीत पाळणारा. वाटेवर सदतीस घरं आहेत. प्रत्येक ठिकाणी मी अगदी एवढंसंच खाल्लं, शपथेवर सांगतो. घरी आल्यावर अळणी भाजी ताटात तशीच राहायची. बायको कौतुकाने म्हणायची, भूकसुद्धा आटोक्यात आली बघा. तेव्हा लाज वाटायची. पण पोट भरलेलं असायचं.

सोळाव्या दिवशी डेअरीत डॉक्टरांकडे ती सोबत आली. आकडा आधीपेक्षा वीसने वर गेला होता. डॉक्टरांना यंत्राचाच संशय आला, म्हणून खात्रीसाठी त्यांनी तोच पट्टा बायकोच्या दंडाला गुंडाळला. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले.

निकाल ऐकायला आलेल्या डेअरीच्या मॅनेजरने विचारलं, "वहिनी, गाडी येते का चालवायला?"

"यांच्यापेक्षा बरी येते," ती म्हणाली. लायसन्स पर्समध्येच होतं.

आता गाडी ती चालवते. मी शेजारी बसतो, काच वर करून. खाली उतरायची मला परवानगी नाही. परवा एका घरच्या नव्या सुनेने दुधाचा कॅन पुढे करत चौकशी केली, "ताई, गाडीत बसलेत ते कोण?"

हिने वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "पेशंट आहे. काही खायला घालू नका."