दोन्ही हातांनी धरायचा कॅमेरा

शाहेर कुतैशातने फ्रीजरमधून कॅमेरा बाहेर काढला, तेव्हा त्याला चिकटून आईची मुलुखिया भाजीच्या पाल्याची एक गोठलेली पिशवीही बाहेर आली.

"आई, बघ! दगड झालाय नुसता, तरी चालू झाला!"

"झाला ना चालू?" उम्म शाहेर पिशवी ओरबाडून घेत म्हणाली. "मग आता त्यालाच पाठव. म्हणावं, जा बाबा, नुहाच्या वडिलांशी बोलून ये. आमच्या पोराच्या तोंडाला कुलूप आहे."

शाहेरने ते ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण तोवर तो कॅमेरा पिठाच्या डब्यात लोळवायला घेऊन गेला होता. धुळीची परीक्षा अजून बाकी होती.

जॉर्डनमधल्या सल्त गावात शाहेरचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर एकामागून एक काचा ठेवून "हे बरं की हे?" असं विचारायचं, हा त्याचा धंदा. दुसऱ्याला निवड करायला लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःवर वेळ आली की मात्र त्याला घाम फुटायचा. चाळिशी उलटली होती, केस मागे हटत चालले होते, आणि औषधांच्या दुकानातली नुहा, जिच्याबरोबर तो गावातल्या मंडळींत पायी सहली करत आला होता, ती अजून वाट बघत होती. तिने स्वतःच तसं सांगितलं होतं, आणि स्पष्ट सांगितलं होतं.

"यंदा आपण तफिल्याहून पेट्रापर्यंत चालणार आहोत. वाटेत बुसैऱ्याला माझ्या वडिलांचं घर लागतं. सगळे कॉफीला थांबतील. तिथे तू बोल."

"लगेच? वाटेतच?"

"शुक्रवारी आत्याकडचे येतायत. तिच्या मुलासाठी, रकानसाठी. लहानपणी कोणीतरी काहीतरी बोलून ठेवलंय, ते पक्कं करायला. मला तो नको आहे, पण नाही म्हणायला हातात दुसरं नाव तर पाहिजे? तुला बोलायचं नसेल तर तसं सांग. म्हणजे मी वाट बघत बसणार नाही."

शाहेर म्हणाला, "बोलतो. नक्की बोलतो. त्याआधी फक्त सहलीसाठी एक चांगला कॅमेरा बघतो."

खरं सांगायचं तर त्याला कॅमेऱ्याची गरज होती ती लपायला. डोळ्यासमोर काहीतरी धरलं की माणसाला बोलावं लागत नाही, हा शोध त्याला पहिल्याच सहलीत लागला होता. पण ही गोष्ट त्याने स्वतःला कधी सांगितली नाही. स्वतःला त्याने सांगितलं की डोंगर आहे, दरी आहे, धूळ आहे, तेव्हा वस्तू दणकट हवी.

कॅमेऱ्यांच्या दुकानातला मुन्ज़ेर त्याचा शाळेतला मित्र. त्याने काडेपेटीएवढा एक कॅमेरा पुढे ठेवला. "हा घे. सगळे चालणारे हाच घेतात. छातीला पट्ट्याने बांध आणि विसरून जा. दोन्ही हात मोकळे."

"हात मोकळे ठेवून करू काय?"

"अरे, काठी धर. पाणी पी. कुणाचा हात धर! मला काय विचारतोस?"

शाहेरच्या कपाळावर आठी पडली. त्याची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे काळ्या रबराच्या चिलखतातला, विटेएवढा एक कॅमेरा बसला होता.

"तो खाणीत काम करणाऱ्यांसाठी आहे," मुन्ज़ेर म्हणाला. "तू डोंगरावर चालला आहेस."

"वाटेत काय होईल सांगता येत नाही."

"त्याची बॅटरी बदलायला दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकदम दाबाव्या लागतात. दोन्ही हात लागतात, शाहेर. आणि बॅटरी लवकर संपते. मी तुला चांगल्यासाठी सांगतोय."

शाहेरने तोच घेतला. मग घरी त्याने तो बादलीत बुडवला, पिठात घोळवला, गच्चीवरून खाली अंगणात टाकला, आणि जास्तीच्या दोन्ही बॅटऱ्यांसकट फ्रीजरमध्ये ठेवला. कॅमेऱ्याला काही म्हणता काही झालं नाही. सहलीच्या दिवशी शाहेर तो गळ्यात घालून ताठ मानेने निघाला. बॅटऱ्या मुलुखियाच्या पिशव्यांखाली तशाच राहिल्या.

बुसैऱ्याला पोचेपर्यंत त्याने दगड, सरडे, ढग आणि पुढे चालणाऱ्या नुहाची पाठपिशवी यांचं भरपूर चित्रण केलं. ती दोनदा मागे वळून म्हणाली, "काय बोलायचं ते ठरवलंस का?" दोन्ही वेळा त्याने कॅमेरा डोळ्याला लावून अंगठा वर केला.

नुहाचे वडील हाजी फलाह उंबऱ्यात उभे होते. उंच, कोरडे, भुवया दाट. सगळ्यांना त्यांनी बैठकीत भिंतीकडेने गाद्यांवर बसवलं. नुहाचा भाऊ ज़ैदान लांब चोचीची किटली घेऊन कॉफी वाटू लागला. नुहा आतल्या दाराशी टेकून उभी होती. बिनकानाचा इवलासा कप शाहेरच्या हातात आला, वेलदोड्याचा वास नाकात गेला, आणि नेमका त्याच क्षणी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. बॅटरी संपत आली होती.

खिट्ट्या दाबायला दोन्ही हात हवे होते. शाहेरने कप न पिता समोर जमिनीवर ठेवला.

बैठकीतला आवाज एकदम बंद झाला. ज़ैदान किटली घेऊन होता तिथेच थिजला. यजमानाच्या घरी कॉफी न पिता खाली ठेवणं म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याला काहीतरी मागायचं आहे आणि ते मिळाल्याशिवाय तो कॉफी पिणार नाही. लग्नाच्या मागण्या अशाच होतात, खुनाचे तंटे असेच मिटतात. शाहेरलाही हे जन्मापासून ठाऊक होतं. पण आत्ता त्याचं डोकं खिट्ट्यांत होतं.

नुहाने दाराची चौकट घट्ट धरली. तिचा चेहरा असा उजळला होता की कुणी पाहिला असता तर डोळे भरून आले असते. शाहेरने तो पाहिला नाही. तो वाकून पिशवीत बॅटऱ्या शोधत होता, आणि त्या कुठे आहेत हे त्याला आत्ता कुठे आठवलं होतं.

"बोल, बाळा," हाजी फलाह गंभीरपणे म्हणाले. "कप खाली ठेवलास. काय हवं ते माग."

शाहेरने मान वर केली. सगळे आपल्याकडे बघतायत. समोर कप. त्याला एकदम उमगलं आपण काय केलं ते. बोलायची वेळ आली होती, आयती, ताटात वाढून आली होती. त्याच्या घशाला कोरड पडली. तोंड उघडलं. आणि तोंडातून त्या घडीला डोक्यात जे एकच होतं ते बाहेर पडलं.

"काका, इथे प्लग कुठे आहे?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हाजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "दिला. प्लगच काय, हे अख्खं घर तुझं. आजपासून तू या घरचा. पी तुझी कॉफी."

शाहेरने कॉफी प्यायली. प्यायली म्हणजे मागणी संपली. आतलं दार धाडकन लागलं.

बॅटरी भरायला वेळ लागणार होता. मंडळी पुढे निघाली, ज़ैदान त्यांना झऱ्याची वाट दाखवायला गेला. "चार्ज झाला की ज़ैदान परत येऊन तुला जीपने सोडेल," असं म्हणून सगळ्यांनी शाहेरला तिथेच टाकलं. नुहा घरी थांबली होती, आईवडिलांना भेटायला. तिने त्याच्यापुढे मन्सफचं, दह्यातल्या मटण-भाताचं, ताट आदळलं.

"नुहा, ऐक तरी."

"प्लग चालतोय ना नीट? अजून काही वायरबियर हवी असेल तर बाबांना सांग. ते नाही म्हणत नाहीत."

आयुष्यात इतकं वाईट शाहेरला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात खिडकीबाहेर धप्प झालं. खिडकीत ठेवलेला कॅमेरा हाजींच्या शेळीने वायरीला धरून खाली ओढला होता. तिने त्याला शिंगं मारली, चावून पाहिलं, लाथ घातली. शेवटी तो पाण्याच्या डोणीत पडला. हाजींनी बाही वर करून काढला, तर तो चालूच.

"माझ्या शेळ्यांपुढे टिकलेली ही पहिली वस्तू," ते कौतुकाने म्हणाले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि पुन्हा प्लगला लावला. शाहेरला त्या कॅमेऱ्याचा भयंकर राग आला. सगळ्या दिवसात धड राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

आणि मग अंगणात गाड्या येऊन थांबल्या. एक नाही, ओळीने. पांढऱ्या रुमालांतले, काळ्या झग्यांतले म्हातारे उतरू लागले. सगळ्यांत पुढे रकानचे वडील, म्हणजे हाजींचे मेहुणे अबू रकान.

"शुक्रवारचे आजच कसे?" हाजी पुटपुटले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भाऊबंद सगळे तफिल्याला मातीला गेले होते, मुलगा डोंगरात. अशी मंडळी घेऊन मागणी आली की मुलीच्या बापाने स्वतः उत्तर द्यायचं नसतं, घरच्या दुसऱ्या पुरुषाने द्यायचं. त्यांची नजर फिरत फिरत शाहेरवर येऊन थांबली.

"काका, मी नाही," शाहेर मागे सरकत म्हणाला.

"तू या घरचा, असं मी सगळ्यांदेखत बोललोय. माझा शब्द खाली पडू देणार आहेस? बस माझ्या शेजारी."

शाहेर बसला. कॉफी फिरली. अबू रकान उठून उभे राहिले, त्यांनी कप खाली ठेवला, आणि त्यांच्यामागे सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापले कप खाली ठेवले. अबू रकाननी परमेश्वराची स्तुती केली, दोन्ही घराण्यांची केली, मग पुन्हा परमेश्वराकडे वळले. त्यांना का कोण जाणे दरदरून घाम सुटला होता. "तर आम्ही आलो आहोत... तुमच्या दारी... एक गोष्ट मागायला..."

ते थांबले. सगळ्यांनी शाहेरकडे पाहिलं.

आता शाहेर सल्तचा. अशा बैठका त्याने लहानपणापासून पाहिलेल्या. कप खाली असला आणि माणसं गप्प झाली की पुढचं वाक्य कोणतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. नाही म्हणायचं, उठून ओरडायचं, निदान विचार करायला वेळ मागायचा, यातलं काहीतरी त्याने ठरवलंही असेल. पण जीभ त्याच्या आधी निघाली.

"प्या तुमची कॉफी," शाहेर खणखणीत आवाजात म्हणाला. "जे मागायला आलात, ते दिलं!"

आतल्या दारामागे काहीतरी फुटलं.

आपण नुहा देऊन टाकली, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या खणखणीत आवाजात, हे त्याच्या ध्यानात यायला एक श्वास लागला. दुसरा श्वास घ्यावासा त्याला वाटेना. समोर सगळे म्हातारे घटाघट कॉफी पीत होते. अबू रकानच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"अल्लाह तुझं भलं करो, पोरा," ते गहिवरून म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं, हाजी आम्हाला कुत्र्यासारखं हाकलतील. रकानने अम्मानला परस्पर लग्न लावून घेतलं हो! आम्हाला परवा कळलं. लहानपणी दिलेल्या शब्दातून आम्हाला मोकळं करा, एवढंच मागायला आलो होतो. तुम्ही तर मागायच्या आधीच दिलंत!"

आणि कोणी मत बदलायच्या आत सगळे गाड्यांत बसून गेलेसुद्धा.

हाजी फलाह लाल झाले होते. "तीन तास उभं केलं असतं मी त्यांना! नाक घासायला लावलं असतं! माझ्या मुलीसाठी दिलेला शब्द मोडतात, आणि तू? एका दमात सोडलंस?"

"चुकलो, काका." शाहेर म्हणाला. आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं, पण तो कुठून सुरू करायचा ते कळत नव्हतं.

हाजींनी मग स्वतःसाठी कॉफी ओतली, आणि न पिता कप शाहेरसमोर खाली ठेवला.

"आता मला तुझ्याकडे एक मागायचंय."

आतलं दार किलकिलं झालं. शाहेरच्या मनात आलं, मुलीचा बाप होऊन माझ्यापुढे कप ठेवतोय! म्हणजे यांनी ओळखलं. म्हणजे मला बोलावं लागणारच नाही!

"प्या, काका!" तो जवळजवळ ओरडलाच. "दिलं! काय मागाल ते दिलं!"

हाजींनी शांतपणे कॉफी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कॅमेरा."

"काय?"

"रोज कोणीतरी माझ्या कोंबड्या पळवतंय. खुराड्यावर लावतो." त्यांनी कॅमेरा प्लगवरून काढला, वायर नीट गुंडाळली आणि गादीखाली सारला. मग किटली उचलून एक कप भरला आणि शाहेरपुढे धरला. "घे. आता दोन्ही हात मोकळे आहेत."

नुहा दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे लाल होते. ती त्या कपाकडे बघत राहिली.

शाहेरने दोन्ही हातांनी कप घेतला. समोर हाजी, दारात नुहा, मध्ये धरायला काही नाही. जमीन एक वीत खाली होती. तेवढंच करायचं होतं, कप तिथवर न्यायचा. त्याचा घसा पुन्हा कोरडा पडला, आणि त्या कोरड्या घशापायी त्याने कप तोंडाला लावून एका घोटात रिकामा केला.

हाजींनी डोळे मिटले.

"बाबा," नुहा म्हणाली, "अजून एक कप ओता. थांबा, मी आधी गरम करून आणते. चांगली उकळून आणते. हातात धरवणार नाही अशी."