भुताची खोली कुठली?

“वेल्ह्यात काय कमी आहे हो, मामा?” असं गंगाधरनं भोरला सासऱ्यांच्या पुढ्यात छाती काढून विचारलं, आणि तिथंच फसला बिचारा!

सासरे रघुवीरपंत म्हणजे संस्थानच्या दप्तरात हयात घालवलेला माणूस. शुभदा त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन सुगी उलटली तरी लेकीला त्यांनी सासरी धाडलं नव्हतं, कारण जावई कचेरीत कारकून खरा, पण कुठल्या कचेरीत? तर तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला!

“आठ दिवस पाठवतो,” पंत म्हणाले. “मग मी स्वतः येऊन बघणार. पोरगी सुखात दिसली तर राहू दे. नाही तर तिथल्या तिथं गाडीत घालून परत आणीन. मग माझ्या दारात रडत यायचं नाही!”

“या की! खुशाल या!” गंगाधर म्हणाला.

त्यानं कुंडलिकाच्या घरात बिऱ्हाड केलं. घर नवं कोरं. पुढं लांब पडवी आणि पडवीतून आत शेजारी शेजारी दोन खोल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. शुभदानं उजवीकडं चूल मांडली, डावीकडं ट्रंका लावल्या. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, इथं डोंगराशिवाय बघायला काहीच नाही का?” गंगाधरला सासऱ्यांची गाडी दारात उभी दिसायला लागली. पण देव पावला! त्याच दिवशी बाजाराच्या मैदानात फिरत्या बोलपटाचा तंबू लागला.

तंबूची रीत ठरलेली. मधोमध पडद्याचं कापड. पुढच्या बाजूला बाप्ये, मागच्या बाजूला बाया. चित्र दोन्हीकडून दिसतं, कुणाची तक्रार नाही. गंगाधर पुढं बसला, शुभदा घरमालकीण साळूबाईबरोबर मागं बसली.

बोलपट होता भुताचा. एक जोडपं भाड्याच्या घरात राहायला येतं. घराला पुढं पडवी, आत शेजारी शेजारी दोन खोल्या! तंबूत एकच कालवा झाला.

“आरं, ह्ये तर कुंडलिकाचं घर!”

“व्हय की! माज्या घराचा शिनेमा काडला!” कुंडलिक उभाच राहिला, आणि पटका सारखा करून चौफेर बघायला लागला.

पुढं मात्र काही घडेचना. दिवा हलला. पुन्हा हलला. बाई दिव्याकडं बघत बसली. दार उघडायला लागलं, ते उघडतंय, उघडतंय...

“तेल घाला रं बिजागरीला!” भिमा ओरडला. “तवर मी म्हशीची धार काडून येतो!”

“आवो, भुतानं तोंड तरी दावावं! नवी नवरी बी इतकी लाजत न्हाई!”

“गप बसा की! येईल त्ये, त्येला बी बायकापोरं असतील, कामं असतील!”

अखेर सगळे पेंगायला लागले तेव्हा पडवीत पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उगवली, सावकाश चालत डाव्या खोलीत शिरली, आणि आतून अशी किंकाळी आली की भिमा कुंडलिकाच्या मांडीवर जाऊन बसला! शेवटी शेवटी ती पुन्हा एकदा आली आणि त्याच खोलीत शिरली.

घरी येताना गंगाधर ऐटीत होता. “थोतांड सगळं! मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. फक्त आज आपण उजव्या खोलीत निजू.”

“उजव्या?” शुभदा किंचाळली. “अहो, भूत उजव्याच खोलीत शिरलं ना! डाव्या खोलीत निजू.”

“डाव्या खोलीत गेलं, मी या डोळ्यांनी पाहिलं!”

“आणि मी काय पाठीनं पाहिलं? साळूबाईंना विचारा!”

तो डाव्या खोलीत पाऊल टाकेना, ती उजव्या खोलीत. मग “इथं वारा बरा लागतो” असं म्हणून दोघांनी पडवीत पथारी पसरली. दुसऱ्या दिवशी चूलही पडवीत आली.

सकाळपर्यंत गावात दोन तट पडले. बाप्ये म्हणत डावी, बाया म्हणत उजवी. साळूबाईनं कुंडलिकाला भाकरी वाढायची बंद केली. “तुमी डावं म्हनता न्हवं? मग डाव्या हातानं थापून घ्या!”

कुंडलिक रडकुंडीला येऊन कचेरीत आला. “भाऊसायेब, कायतरी करा! शिनेमानं माज्या घराचं नाव खराब क्येलं, आन् वर म्या उपाशी!”

तेव्हा गंगाधरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “अरे, कापड मागनं बघितलं की चित्र उलटं दिसतं! आमची डावी ती त्यांची उजवी!” त्यानं चावडीपुढं सगळ्यांना समजावलं. कुणाला पटलं नाही. शुभदा तर फणकारली, “म्हणजे आमचंच उलटं का? तुमचं कशावरून नाही?”

“ठीक आहे!” गंगाधर गरजला. “आज बायांनी पुढं बसायचं, बाप्यांनी मागं. खरं खोटं कळेल!”

अख्खं वेल्हं पुन्हा तंबूत लोटलं. पुन्हा दिवा हलला, दार कुरकुरलं, भिमानं बिजागरीला शिव्या घातल्या. मग ती बाई आली आणि बाप्यांच्या डोळ्यांदेखत उजव्या खोलीत गेली! पलीकडं बायांनी तिला डाव्या खोलीत जाताना पाहिलं!

“आयला! भुतानं बिऱ्हाड बदललं!” भिमा म्हणाला.

“बदललं कशाचं? त्येला दोनी खोल्या लागत्यात!” साळूबाईनं पडद्यापलीकडून निकाल दिला. तो एकदम सगळ्यांना पटला. कालपर्यंत प्रत्येकाला एकेक खोली तरी सुखरूप वाटत होती, आता दोन्ही गेल्या! खरं कारण गंगाधरला ठाऊक होतं, त्यानंच तर ते सांगितलं होतं. पण डोक्याला ठाऊक असून काय उपयोग? पाय ऐकत नव्हते. घरी आल्यावर त्यानं दोन्ही खोल्यांना कड्या घातल्या, वर कुलपं लावली. ट्रंका, मडकी, देव, सगळं पडवीत!

आणि याच अवस्थेत आठव्या दिवशी मार्गासनीच्या गेनबाची बैलगाडी दारात थांबली. रघुवीरपंत उतरले. पडवीत लेक धुरात डोळे पुसत होती आणि जावई देवांच्या शेजारी दाढी करत होता.

“हे काय? खोल्यांना कुलपं? आत कोण आहे?”

“भूत,” शुभदा म्हणाली.

पंत गडगडाटी हसले आणि मग लालबुंद झाले. “गंगाधरपंत, शिकलेले ना तुम्ही? शुभदा, सामान बांध! उद्या सकाळी निघायचं!”

गंगाधरचा चेहरा कोमेजला. आठ दिवसांत बायकोची सवय झाली होती हो! धूर, कुरबूर, सगळ्यासकट तिच्यावर जीव जडला होता. तो काकुळतीनं म्हणाला, “मामा, एकदा तो बोलपट तरी बघा. मग काय ते ठरवा.”

पंत गेले. वडीलधारे म्हणून त्यांना पुढं चटई मिळाली. दिवा हलायला लागला तसे ते वैतागले. “दप्तरातला कागदसुद्धा याहून लवकर हलतो!” भूत एकदा डाव्या खोलीत शिरलं, तेव्हा ते जरा सावरून बसले. मग पुन्हा काही घडेना. “मागच्या बाजूनं तरी लवकर दिसतंय का बघतो,” असं पुटपुटत ते उठून मागं गेले, आणि नेमकं तेव्हाच भूत दुसऱ्यांदा आलं आणि उजव्या खोलीत शिरलं!

घरी आल्यावर पंतांनी दोन्ही कुलपं ओढून बघितली. “पडवीत वारा बरा लागतो,” एवढंच म्हणाले.

सकाळी गेनबानं गाडी जुंपली. गंगाधर खांबाला धरून उभा. पंत म्हणाले, “चल शुभदा.”

“मी नाही येत, बाबा.”

गंगाधरनं कान टवकारले. प्रेम! शेवटी प्रेमच!

“अहो बाबा, इथं खोल्या दोनच,” शुभदा म्हणाली. “कुलपं लावली, संपलं. आपल्या भोरच्या घरात सात खोल्या, आणि माणसं आपण दोघं! भूत मागोमाग आलं तर तिथं निजायचं कुठं?”

पंतांनी गाडीवर ठेवलेला पाय खाली घेतला. मग म्हणाले, “गेनबा, बैल सोड.”

बायको राहिली! गंगाधरला उडी मारावीशी वाटली. पण बैल का सोडले याचा अर्थ त्याला दिवेलागणीला लागला. पंतांनी गाडीतली आपली वळकटी आणून पडवीत उलगडली. एका बाजूला शुभदा, दुसऱ्या बाजूला गंगाधर; आणि मधोमध दोघांचे हात घट्ट धरून रघुवीरपंत!

“जावईबापू,” ते म्हणाले, “वेल्ह्यात खरंच काही कमी नाही. पावसाळ्यापर्यंत राहीन म्हणतो.”