बरोबरीचा नारळ

देवापुढे नारळ ठेवून लोक काय काय मागतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. नोकरी, मूल, कोर्टाचा निकाल, आंब्याला मोहोर. पण 'सामना बरोबरीत सुटू दे' असं मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी दत्तारामतात्या.

सामनाही कुठला, तर इंग्लंडातला. फुटबॉलचा. तिकडच्या कुठल्याशा बंदराच्या गावचा संघ, तोही वरून तिसऱ्या लीगमध्ये धडपडणारा. त्या संघाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. गेली काही वर्षं त्यांच्या वाट्याला आलेल्या बरोबऱ्यांमागे रत्नागिरीतली एक गावदेवी आहे, हे तिकडे कळलं तर उगाच वितुष्ट यायचं.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. शहर आणि भाट्याचा किनारा यांच्या मधल्या आमच्या वाडीत तात्यांचं घर माझ्या घराला लागून, मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. त्यामुळे पहिल्यांदा ते गाऱ्हाणं घालायला निघाले तेव्हा सोबत म्हणून मलाच धरून नेलं. देवळात रामा गुरवाने नेहमीसारखा नारळ ठेवला, हात जोडले आणि विचारलं, "काय सांगू देवीला?"

"सांग, आज इलायतेत सामना हाय. कुणी जितू नये, कुणी हरू नये."

रामाने माझ्याकडे पाहिलं. मी देवीकडे पाहिलं. शेवटी रामाने घसा खाकरून सुरुवात केली, "बाय म्हाराजा, आज तुजा लेकरू दत्ताराम तुज्या पायाशी हुबा हाय. इलायतेत काय ता सामना हाय. कुणी जितू नये, कुणी हरू नये, दोघांचाही सारखा होऊ दे."

"व्हय म्हाराजा!" तात्यांनी एवढ्या जोरात साथ दिली की सभामंडपात झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

गाऱ्हाण्यावर त्यांचं भागेना. त्यांना कौलही हवा होता. आता कौल म्हणजे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. रामा म्हणाला, "तात्यानु, जितणार काय हरणार ता इचारा. बरोबरीचा कौल देवळात नाय."

"मग दोन्ही एकदम पडल्या तर?"

"आजपातूर पडल्या नाय."

"तू लाव तर खरा," असं म्हणून तात्या खांबाला टेकून बसले. त्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. रामा कंटाळून जेवायला गेला आणि तात्या खूश होऊन घरी आले. त्यांच्या मते देवीने बरोबरीचा कौल दिला होता. सामना खरोखरच एक-एक सुटला, आणि तेव्हापासून या बाबतीत कुणाचं काही ऐकून घ्यायचं त्यांनी बंद केलं.

तात्यांचा जन्म बोटीवर गेला. मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत, तेलपाण्यात. त्यामुळे आवाज इंजिनाच्या वर चढलेला आणि बोलणं मात्र अगदी मोजकं. दहा महिने बोटीवर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांतही घराची कौलं परतायची, माडांना आळी करायची, लग्नांना हजेरी लावायची. निवृत्त होऊन आले तेव्हा आपल्या घरात कप कुठे ठेवतात हे त्यांना मालतीकाकीला विचारावं लागे. काकी गेली त्याला आता पाच वर्षं होतील.

तर या माणसाला म्हातारपणी फुटबॉल चढला. सामना त्यांना दिसतही नसे. तिसऱ्या लीगचे सामने आपल्याकडे कोण दाखवतो? मी त्यांच्या मोबाइलवर एक सोय करून दिली होती, त्यात नुसते आकडे यायचे. शून्य-शून्य. मग पाऊण तासाने पुन्हा शून्य-शून्य. तात्या पडवीत पाटावर मोबाइल टेकवून, समोर मांडी घालून, त्या दोन शून्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसत. मी गडग्यावरून विचारायचो, "काय तात्या, काय चाललंय?"

"चालू हाय," एवढंच उत्तर. त्यांच्या तोंडी हे इतकं बसलं होतं की वाडीतली पोरं त्यांना 'चालू हाय' म्हणूनच ओळखत.

ऑगस्टात सीझन सुरू झाला की त्यांच्या अंगात जीव यायचा. सगळं वेळापत्रक तोंडपाठ. त्यांनी मला समजावलं होतं, "लीग म्हंजे पेजभात. आठवड्याला मिळतो म्हंजे मिळतो. कप म्हंजे सणाचं ताट. हरलं की ताट उचललं. पन बरोबरी झाली तर तोच सामना परत खेळायचा. म्हंजे एकाच सणाचं दोनदा जेवण."

आणखी एक दुय्यम कप होता, त्यात बरोबरी झाली की लगेच पेनल्टी मारून निकाल लावतात. त्याला ते 'बिनकामाचा कप' म्हणत. अधूनमधून देशांचे सामने आले की लीगमधले काही सामने पुढे जायचे. मग तात्या चिडत, आणि नाइलाजाने तेवढ्यापुरते इंग्लंडचे होत. डिसेंबर-जानेवारीत इथे आंब्याला मोहोर धरलाय की नाही याची वाडीला काळजी असे, आणि हे मला विचारत, "तिकडं बर्फ पडलाय काय बघ. मैदान गोठलं तर सामना ऱ्हायचा."

"राहिला तर राहिला, तात्या. पुढे खेळतील."

"पुढचं पुढं. या आठवड्याचं काय?"

एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात माझा दिवस जातो, आणि गडग्यापलीकडचं मला दिसलं नाही.

सामना संपला की तात्या फोन लावत. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश त्या संघाच्याच गावात आहे, तिथल्या बंदरात क्रेन दुरुस्त करतो. फोन मोठ्याने बोलता ठेवलेला असे, त्यामुळे मला गडग्यावरून सगळं ऐकू यायचं.

"बगलंस काय?"

"बघितलं, बाबा."

"गोलकीपर चुकला."

"हो, चुकला. दुसऱ्या हाफमध्ये बरे खेळले."

"शनवारी घरच्या मैदानावर हाय."

"हो. शनिवारी."

"बरा. ठेवतंय."

संपलं. कसा आहेस नाही, कधी येतोस नाही. मला वाटायचं, काय हे बापलेक! हजारो मैलांवरून फोन करायचा तो गोलकीपरसाठी? पूर्वी काकी महेशशी तास-तास बोलायची. हसायची, ओरडायची, मधेच पदराने डोळे पुसायची, आणि शेवटी फोन तात्यांच्या हातात द्यायची. तात्या विचारत, "बरा हैस?" महेश म्हणे, "हो." तात्या फोन काकीला परत देत. काकी गेली आणि तो फोन तात्यांच्या हातातच राहिला.

मग मागचा सीझन आला. नोव्हेंबरात मोठ्या कपाचा सामना होता, तिकडे दुपारी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी. तात्यांनी सकाळीच देवीला नारळ ठेवला होता. मी दुकान बंद करून आलो तेव्हा एक-एक झालं होतं आणि वेळ संपत आली होती. तात्या पाटासमोर हात जोडून बसले होते. वेळ संपली. तात्यांनी दोन्ही हात वर केले. "दिलंन! देवीनं दिलंन!" असं म्हणत ते उठले आणि मला गुळाचा खडा दिला. "आता परत खेळतील. मधल्या मंगळवारी असतो परतीचा सामना. शनवार तो शनवार, वर हा मंगळवार."

पण आकडे हलायचे थांबले नव्हते. खाली लिहून आलं की जादा वेळ सुरू झालाय.

"हे काय? घरी जायचं सोडून?"

मी माझ्या फोनवर शोधलं. परतीचे सामने त्या सीझनपासून बंद केले होते. खेळाडूंना ताण पडतो, वेळापत्रकात जागा नाही, असं काहीतरी कारण होतं. बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ, मग पेनल्टी, आणि निकाल. मी तात्यांना तसं सांगितलं.

संघ पेनल्टीवर हरला. तात्यांनी मोबाइल पाटावर पालथा घातला. मग म्हणाले, "देवीनं दिलंन, आनि मानसांनी काढून घेतलंनी." मला हसू येणार होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. एका फुटबॉलच्या नियमासाठी असं कुणी रडतं?

"एवढं काय तात्या, लीग आहे ना!"

"माज्यासाठी नाय रे. मला त्यातलं काय कळतंय? कॉर्नर म्हंजे काय ता मी अजून बगलेला नाय. पोराला येड हाय त्या खेळाचं. सामना झाला तर इचारायला काय तरी असतं. सामना नाय तर मी फोन लावून काय सांगू?"

तेव्हा कुठे मला त्या नारळांचा अर्थ लागला. म्हातारा बरोबरी मागतच नव्हता. तो आणखी एक फोन मागत होता.

जानेवारीत तात्यांना ताप आला, दोन दिवस ते माझ्याच घरी होते. त्या शनिवारी त्यांचा फोन गेला नाही, म्हणून महेशने मला लावला. घाबरला होता. मी सांगितलं, तात्या बरे आहेत, झोपलेत. त्याचा जीव भांड्यात पडला. मग चाचरत म्हणाला, "विलासदादा, बाबांनी आजची मॅच बघितली असेल काय? मी आज कामात होतो, बातमी वाचायची राहिली. उद्या विचारतील तर काय सांगू?"

"का रे? तू तर मैदानावर जाऊन बघत असशील ना?"

"कुठलं हो! मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. आई गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा बाहेर मॅच सुटली होती, लोक ओरडत होते. बाबांनी विचारलं, कसला आवाज? मी सांगितलं. तर म्हणाले, कोण जिंकलं? मला माहीत नव्हतं. पण त्यांनी मला स्वतःहून काही विचारलं असं ते पहिल्यांदाच. मग मी दर आठवड्याला वाचून ठेवायला लागलो. बाबांना आवडतं ना!"

मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन तात्यांकडे पाहत उभा राहिलो. ज्या खेळात दोघांनाही काडीचा रस नव्हता तो खेळ हे दोघं एकमेकांसाठी चार वर्षं जिवापाड सांभाळत होते. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तात्यांना सांगून टाकावं असं कितीदा तोंडाशी आलं. पण सांगितलं आणि तोही फोन बंद पडला तर? तेवढी छाती मला झाली नाही.

सीझनचा शेवटही धड झाला नाही. वरच्या लीगमध्ये जाण्यासाठी चार संघांचे जे आणखी सामने होतात, त्यातली आमच्या संघाची जागा थोडक्यात हुकली. मेमध्ये शेवटच्या शनिवारी तात्या फोनवर म्हणाले, "मग आता ऑगस्टात."

"हो बाबा. ऑगस्टात."

त्यानंतर दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. मी गडग्याशी उभा होतो. मग तात्याच म्हणाले, "बरा. ठेवतंय."

जूनच्या सुरुवातीला इंग्लंडचे दोन सामने झाले, त्यावर दोन फोन निघाले. नंतर सगळं बंद. आदल्या उन्हाळ्यांतही असंच होत असणार, मी लक्ष दिलं नव्हतं. आता दिसत होतं. शनिवार आला की तात्या आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पडवीत बसत. मोबाइल पाटावर. त्यात काहीही चालू नसे. कुणी हाक मारली तरी 'चालू हाय' म्हणत नसत.

जुलैतल्या अशाच एका शनिवारी मला राहवलं नाही. गडगा ओलांडून गेलो आणि म्हटलं, "तात्या, फोन लावा."

"सामना कुठं हाय?"

"नसू दे. असाच लावा."

"आनि बोलू काय?"

"काहीही. विचारा, जेवलास काय."

"ता त्याची आय इचारायची," ते म्हणाले.

मी हट्टाने मोबाइल त्यांच्या हातात दिला. बळंबळं पुढे ढकललेल्या लहान मुलासारखा त्यांनी तो लावला. एका रिंगमध्येच महेशने उचलला.

"बाबा? आज मॅच होती काय? मला कशी दिसली नाही? कुणाशी होती?" त्याच्या आवाजात नुसती धांदल होती.

"नाय. मॅच नव्हती."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास काय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग महेशचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "नाही, बाबा. अजून नाही जेवलो."

तात्यांनी घाईघाईने मोबाइलवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडे वळले. चेहरा पार बावरलेला.

"नाय जेवला म्हनतो," ते कुजबुजले. "याच्या पुढं काय इचारायची रे ती?"